देवचाफा म्हणजे ‘चंपक’ नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील देवळांभोवतीच्या वृक्षांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र देवचाफा हा ‘अस्सल भारतीय वृक्ष’ असून संस्कृत काव्यातील चंपक तो हाच, हे त्यातील विधान बरोबर नसल्याने हे पत्र लिहीत आहे.

संस्कृतातील चंपक म्हणजे आपला सोनचाफा. पूर्व हिमालय, पश्चिम घाट आणि म्यानमारपासून पुढे आग्नेय आशियापर्यंत तो रानात आपोआप वाढतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘मिचेलिया चंपाका’ असे नाव दिले होते. पुढे मिचेलिया ही प्रजाती मॅग्नोलियातच समाविष्ट केली गेल्याने आता तो ‘मॅग्नोलिया चंपाका’ म्हणून ओळखला जातो.

देवचाफ्याचे कूळच निराळे. त्याचे पान खुडले की पांढरा चीक वाहू लागतो, आणि या एका खुणेवरूनही तो कण्हेर, तगर व सप्तपर्णी यांच्या गोतावळ्यातला असल्याचा अंदाज बांधता येतो. कॅरिबियन बेटांवर वनस्पती गोळा करणारे फ्रेंच ख्रिस्ती संन्यासी शार्ल प्ल्यूमिए (१६४६–१७०४) यांच्या स्मरणार्थ या प्रजातीला ‘प्लुमेरिया’ हे नाव मिळाले. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी ‘प्लुमेरिया रुब्रा’ ही जाती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून निकाराग्वाचे ते राष्ट्रीय फूल आहे. ‘रुब्रा’ म्हणजे तांबडी. तरीही पिवळ्या गाभ्याची पांढरी फुले देणारी आपल्याकडची बहुतेक झाडे याच जातीची असतात, आणि केवळ रंग पाहून रोपवाटिकांत त्यांना ‘आल्बा’ (म्हणजे पांढरी) या दुसऱ्या जातीची चिठ्ठी लावली जाते, तीही चुकीचीच. खरी ‘आल्बा’ पोर्तो रिको व लेसर अँटिलीस बेटांची.

अमेरिका खंडाशी सागरी व्यवहार सुरू होण्यापूर्वी हे झाड भारतात असण्याचा संभव नाही. त्याची फांदी नुसती खोचली तरी जगते आणि खोड लवकरच वेडेवाकडे, जुनाट दिसू लागते, म्हणून देऊळ जितके प्राचीन तितकेच झाडही असावे असा समज होत असावा. शिवाय मराठीत सुगंधी फुलाला चाफा म्हणण्याची सवय इतकी जुनी की सीताफळाच्या कुळातला हिरवा चाफा आणि हळदीच्या कुळातला भुईचाफा हेही त्याच नावाखाली नांदतात.

देवचाफा परका ठरला म्हणून तो देवाला वाहू नये, असे मला मुळीच सुचवायचे नाही; दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोकडचाच आहे. परंतु लेखासोबत ‘लागवडीसाठी स्थानिक वृक्ष’ अशी यादी दिलेली असून तीत देवचाफा आहे आणि सोनचाफा नाही. ती पाहून येत्या पावसाळ्यात रोपे आणणारे वाचक असतील, तेव्हा पुढील अंकात दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक