आई-बाबा, आम्ही बेळगावला यायचं ठरवलंय

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विषय काढला आणि बाबांनी नेहमीसारखं "आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे दिला, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. आई, दुपारी जेवणं झाली की बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

आम्ही पुणं सोडून बेळगावला येतोय. जमलं तर बघू असं नाही, ठरलंय. चिऊची शाळा एप्रिलात संपते, पावसाआधीची धूळवाफेची पेरणी सुरू व्हायच्या आत सामान हलवायचं असं डोक्यात आहे.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे, की इथं काय ठेवलंय, सगळी पोरं पुण्याला जायला धडपडतात आणि तुम्ही उलटं कशाला येताय, आम्हा म्हाताऱ्यांसाठी बसलेला संसार उठवू नका. पण मला एवढं सांगा, १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लालबागच्या गावकीच्या खोलीतून तुम्ही परत गावी, येळ्ळूरला, का आलात? खोलीतली किती माणसं भिवंडीला मागावर गेली, तुम्हालाही बोलावणं आलं होतं, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. आज्जी घरात एकटी होती आणि शेत पडून होतं म्हणून तुम्ही आलात. मुंबईची सवय झालेला माणूस परत चिखलात उतरला, भात आणि भातामागं मसूर करत राहिला. तेव्हा गावात कुणी तुम्हाला चुकलास म्हटलं नाही, कारण मुलगा आईकडं आला होता. मीही आईकडंच येतेय.

आणि मुंबईला गेलात ते तरी कसे? थोरले काका आधी तिथं होते, वळकटी टाकायला जागा होती, खानावळीत ओळखीवर ताट मिळत होतं. गिरणी कुठली चांगली ते बघून कोण जात होतं? माझं पण तसंच की. मला पुणं आवडलं म्हणून मी गेले असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, पण खरं म्हणजे आत्या धनकवडीत होती म्हणून मी पुण्यात आले, आत्या कोल्हापुरात असती तर मी कोल्हापुरात नोकरी शोधली असती. तिच्या दोन खोल्यांत दीड वर्ष काढलं, पहिला पगार होईपर्यंत तिनं एक रुपया घेतला नाही. मग माझ्या पाठोपाठ धाकट्या काकांचा संतू आला, संतूमागं त्याचा मेव्हणा. आता त्या एका गल्लीत आपल्याकडची सहा घरं झालीत आणि गणपतीत तिथं गेलं की येळ्ळूरला आल्यासारखं वाटतं. दादाचं बघा, बेंगळूर त्याला पहिल्यापासून मानवलं नव्हतं, पण वहिनीचे आई-बाबा तिथं, दोन लेकरं त्यांच्या जिवावर वाढली, तो आता कुठला हलतोय. त्याच्यावर माझा राग नाही, खरंच नाही.

आई, तू स्वतः येळ्ळूरला कशी आलीस ते आठव. तुझी मावशी इथं दिली होती, तिनं चंदगड तालुक्यात कोवाडला जाऊन आजोबांना सांगितलं की माझ्या डोळ्यासमोर राहील पोर, आणि लग्न ठरलं. तेवढ्यावर ठरलं! आज्जी नेहमी सांगायची की तिच्या लहानपणी चंदगड तालुका आणि आपण एकाच बेळगाव जिल्ह्यात होतो, १९५६ ला राज्यं झाली तेव्हा चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि आपण म्हैसूर राज्यात, नंतर त्याचं कर्नाटक झालं. पण पोरी देणं-घेणं काय थांबलं नाही. अजून मामा शिनोळीवरून गाडी काढतो आणि जेवायला येतो, राज्य बदललं हे त्याला बोर्ड बघून कळत असेल तेवढंच. सीमाप्रश्नाचा निकाल काय लागायचा तो लागो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण आपली माणसं कुठं राहायची हे पै-पाहुणेच ठरवत आलेत.

फक्त दोनदा ती सीमा मला फार लागली. २०२१ ला आज्जी गेली तेव्हा कोगनोळीच्या सीमानाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय सोडत नव्हते, आम्ही रिपोर्टची वाट बघत पुण्यात बसलो आणि मी मातीला पोचले नाही, रक्षाविसर्जनाला पोचले. तिचं तोंड बघायला मिळालं नाही. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, आज तुम्हाला लिहिते. आणि २०२२ च्या डिसेंबरात वातावरण तापलं, बसेस बंद झाल्या, तेव्हा आईची शुगर चारशेच्या वर गेली होती आणि मी स्वारगेटला बॅग घेऊन उभी. साडेतीनशे किलोमीटर म्हणजे एरवी एक रात्र, पण ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी ती रात्र संपत नाही.

आणि यंदा मार्गशीर्षात बाबा बांधावरून पडले, मनगट मोडलं, तुम्ही दोघांनी मला आठ दिवस सांगितलं नाही. शेजारच्या काकूंकडून कळलं. आई, "तुला उगीच काळजी नको" म्हणालीस ना, त्या वाक्यानंच मी ठरवलं. मी लांब आहे म्हणून तुम्ही दुखणं लपवायला लागलात, हे मला सहन होत नाही.

आता तुमच्या शंका. जावई घरजावई झाले म्हणतील लोक, तर आम्ही तुमच्या घरात राहणार नाही. बेळगावच्या वडगावात भाड्यानं घर घेतोय, तिथून येळ्ळूर स्कूटीवर पंधरा-वीस मिनिटं. रोज तुमच्या डोक्यावर बसणार नाही आणि तुम्हीही चार वेळा डबे पाठवू नका. ह्यांच्या कंपनीत महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवलं की चालतं. सासूबाईंना मी सगळ्यात आधी विचारलं, तुमच्याही आधी. त्या कराडला थोरल्या जाऊबाईंकडे असतात, कराड पुण्याहून जेवढं लांब त्याहून बेळगावहून जरासंच जास्त. त्या म्हणाल्या, मी माझ्या आईसाठी जाऊ शकले नाही, तू जा. पुढं काही बोलल्या नाहीत. माझ्या कामाचं म्हणाल तर उद्यमबागेत दोन फाउंड्रींत बोलून ठेवलंय, हिशेबाचं टॅली येणारं माणूस त्यांना पाहिजेच आहे. पगार पुण्यापेक्षा कमी असेल, घरभाडंही कमी असेल.

दुसरं, गल्लीत कुजबूज होणार की पोरगी वाटणीसाठी आली. कायद्यानं २००५ पासून देशभर मुलीला मुलाएवढाच हिस्सा आहे, आपल्या कर्नाटकानं तर १९९४ लाच केला होता, त्यामुळं हिस्सा पाहिजे असता तर पुण्यात बसूनही मागता आला असता. दादाशी मी स्पष्ट बोललेय. उताऱ्याला हात लावायचा नाही, जोवर बाबा शेतात जातात तोवर शेत बाबांचं.

तिसरं चिऊ. तिला कन्नड शिकावं लागेल म्हणून ह्यांना थोडं टेन्शन आहे. मला नाही. मी शाळेत शिकले म्हणून आज तुमची लाईट बिलं आणि पंचायतीचे कागद फोटोवरून वाचून सांगू शकते. बाबा, तुम्ही तिला शिकवा. बेळगावच्या रविवार पेठेत व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये भाव करता करता मध्येच माझ्याशी मराठीत बोलायचात, ते मला लहानपणी जादूसारखं वाटायचं, तिलाही ते बघू दे. कोवाडच्या मामाकडं, कराडच्या आजीकडं आणि तुमच्याकडं, तिन्हीकडं ती सुट्टी नसतानाही जाऊ शकेल असं घर मला हवंय.

पुण्याची आठवण येईल. आत्या रडली, तिला वाईट वाटलंय, तिचा फोन आला तर नीट बोला.

बाबा, एक काम फक्त तुमच्याकडं आहे. मनगटाचं प्लॅस्टर निघालं की वडगावात दोन-तीन घरं बघून ठेवा, खालच्या मजल्यावरचं, म्हणजे आईला जिने चढायला नको. भाड्याचं मी बोलीन. तुम्ही फक्त मालकाला विचारा, उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतंय. आणि उत्तर मला तुम्हीच फोन करून सांगा.

तुमची,
बाळी