‘आधी आल्टो गाऊन दाखवा’ म्हणणाऱ्या पोरास

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण पत्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, कारण चर्चमधल्या आमच्या कॉयरमधल्या, म्हणजे गाणाऱ्या मंडळींतल्या, निम्म्या बायकांना अजून वाटतंय की तू केलेली ती गीतांच्या सुरांची छापील वही फादरांनी कुठूनतरी मागवली.

नाताळच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपवून घरी आले तेव्हा दीड वाजला होता. साडीसुद्धा न बदलता ओट्यावर बसले आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. रडले, हेही सांगून टाकते.

मी चाळीस वर्षं आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. सोप्रानोची, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाची, चाल लोक गुणगुणत घरी जातात. बास, पुरुषांचा खालचा आवाज, गप्प झाला तर बाकावरच्या म्हातारीलाही चुकल्यासारखं वाटतं. आल्टोचं मात्र जेवणातल्या मिठासारखं, नसली तरच आठवण. आमच्या मास्तरांना ते ठाऊक होतं. कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेतलं लॅटिन गेलं, मराठी आलं, तेव्हा या माणसाने मराठी गीतांना चार आवाज बसवले आणि पेन्सिलीने वहीत उतरवले. वरच्या पाच रेघांवर सोप्रानो आणि आल्टो, खालच्या पाचांवर टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, आणि बास. सुराच्या गोळ्याला काठी असते; सोप्रानोच्या काठ्या वर, आल्टोच्या खाली. दोघी एकाच सुरावर आल्या की एकाच गोळ्याला दोन काठ्या, एक वर, एक खाली. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं, त्यात ती वही भिजली. ती नव्याने नीट उतरवून देणारा माणूस शोधायची माझी वणवण तिथून सुरू झाली.

पहिल्या गृहस्थांनी पैसे आगाऊ घेतले. त्यांनी सोप्रानो-आल्टो दोन्ही आवाज एकाच काठीला लटकवले, कॉर्ड केला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा घोस. आता सोप्रानो चार छोटे सूर चढते तेव्हा आल्टो एकच लांब सूर धरून उभी असते. एका काठीवरच्या सगळ्या सुरांची लांबी एकच असणार, म्हणून त्यांनी माझा तो धरलेला सूर चार वेळा ठोकून ठेवला. नव्या पोरी ते पाहून टक-टक-टक-टक गायल्या. मी तक्रार केली तर म्हणाले, सूर तर तेच आहेत ना!

दुसरे जास्त शिकलेले. त्यांनी चार आवाजांना चार वेगळ्या ओळी दिल्या. यात चूक काही नाही, पण दोन पानांचं गीत पाच पानांचं झालं आणि ऑर्गन वाजवणाऱ्या आमच्या बाईंना हात मात्र दोनच. मी म्हटलं, एकाच ओळीवर नाही का बसत? तर उत्तर आलं, गावच्या कॉयरला एवढं बारीक कशाला हवं?

ते वाक्य मी विसरलेले नाही.

आणि मग तू. लग्नात कीबोर्ड वाजवणारा, चर्चमधला स्पीकर दुरुस्त करायला आलेला. वही पाहिलीस आणि स्वच्छ सांगितलंस, ‘मावशी, मला हे येत नाही. दोन दिवस द्या, शिकून येतो.’ हल्ली ‘येत नाही’ म्हणणारा माणूस भेटला की मला त्याच्याच हातात किल्ल्या द्याव्याशा वाटतात. गवंडी असो, डॉक्टर असो, असाच माणूस बरा.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आलास. त्यात म्यूझस्कोअर होतं, सूर लिहायचं फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर. मला वाटलं, आता हा खटाखट बटणं दाबत सुटेल. तू लॅपटॉप उघडलासुद्धा नाहीस. म्हणालास, ‘आधी आल्टो गाऊन दाखवा. सोप्रानो मला वाचता येतेय.’

चाळीस वर्षांत एकटी आल्टो गा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. शेजारच्या अंगणात मिरच्या निवडणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मी लाजत लाजत गायले. नुसती आल्टो ऐकायला विचित्रच लागते, एका जागी घुटमळणारी. तू मान खाली घालून पूर्ण ऐकलंस आणि म्हणालास, ‘हां, ही वेगळी बाई आहे.’

बाकी तू काय काय केलंस ते मला नीटसं सांगता येणार नाही. पडद्यावर सोप्रानो निळी आणि आल्टो हिरवी दिसत होती. एका ओळीवर चार आवाजांपर्यंत बसतात हे कळल्यावर मला त्या दोघा विद्वानांची आठवण झाली, चांगल्या शब्दांत नव्हे. जिथे आल्टो गप्प तिथले तिचे फालतू विराम पुसून टाकलेस, जिथे तिचे शब्द मागे राहतात तिथे तिच्याखाली वेगळे शब्द घातलेस. पैसे घेतले नाहीस. सुकेळ्यांचा एक पुडा घेतलास, तोही आईसाठी म्हणून.

यंदा पोरींनी तो सूर धरला. पूर्ण धरला.

एक राहिलं. ग्लोरिया या स्तुतिगीताच्या दुसऱ्या पानावर पाण्याने नुसती अक्षरं नव्हे, कागदच खाल्ला होता. तिथली आल्टोची एक जागा तू कोरी सोडलीस. सोप्रानोवरून अंदाजाने काहीतरी भरता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. ‘मास्तरांचं आहे, मी कसं घालू? तुम्हाला आठवलं की सांगा.’

काल भांडी घासताना आठवलं. रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन ये, गाऊन दाखवते.

तुझी,
आल्टोवाली मावशी