पेलेट स्टोव्हच्या नळीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बैठकीच्या खोलीत पेलेट स्टोव्ह बसवायचे तुम्ही नक्की केलेत, हे फार चांगले झाले. ओंडके फोडणे आणि वाहणे आता तुम्हा दोघांनाही झेपणारे नाही. पेलेट स्टोव्हच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या टाकीत, एकदा लाकडाच्या गोळ्या ओतल्या की यंत्र त्या स्वतःच थोड्याथोड्या आगीत सोडत राहते. मात्र बाबा, नळी मागच्या भिंतीतून सरळ बाहेर काढली की काम संपले, असे बसवणाऱ्याने सांगितल्याचे तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही. त्याच भिंतीत, हाताच्या अंतरावर, तुमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे; काम सुरू होण्यापूर्वी दोघांनीही वाचावे.

लाकडाच्या जुन्या शेगडीचा धूर गरम असल्यामुळे आपोआप वर चढतो आणि वर जाताना धुराड्यात ओढ निर्माण करतो. त्यामुळे सांध्यात फट असली, तर बहुधा खोलीतली हवा आत ओढली जाते. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र विजेचा पंखा धूर नळीत ढकलतो, म्हणजे नळीतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा जास्त असतो, आणि एखादा सांधा सैल राहिला तर धूर, बारीक राख आणि कार्बन मोनॉक्साइड थेट घरात येतात. नळीविषयीचे बहुतेक नियम या एका कारणातून आलेले आहेत. म्हणूनच पेलेटसाठी प्रमाणित केलेली दुहेरी भिंतीची नळीच वापरायला हवी. तिची आतली भिंत स्टेनलेस स्टीलची असते आणि दोन भिंतींमध्ये हवेची पोकळी असते. गॅसच्या उपकरणांची नळी, कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी किंवा प्लॅस्टिकचा पाइप दिसायला साधारण तसाच असला, तरी इथे कदापि चालत नाही. प्रत्येक सांधा गॅस्केटने किंवा जास्त उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने हवाबंद केलेला असावा. नळी भिंतीतून जाते तिथे तिच्यासाठीच बनवलेले संरक्षक कडे बसवावे, आणि लाकूड, पडदा अशा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून नळीवर लिहिलेले अंतर सोडावे. हे अंतर नळीच्या बनावटीप्रमाणे एक ते तीन इंच असते; अंदाजाने ठरवू देऊ नका.

आता खिडकीची गोष्ट. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या धुराड्यांविषयीच्या सुरक्षा-संहितेत पंख्याने धूर ढकलणाऱ्या नळीच्या बाहेरच्या तोंडासाठी स्पष्ट अंतरे दिली आहेत. ते तोंड दारापासून, खिडकीपासून किंवा हवा आत येण्याच्या झरोक्यापासून किमान चार फूट खाली, चार फूट बाजूला किंवा एक फूट वर असले पाहिजे. पंख्याने हवा आत ओढणारा झरोका दहा फुटांच्या आत असेल, तर तोंड त्याच्यापेक्षा तीन फूट वर हवे. जमिनीपासून ते किमान एक फूट आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेलगत असल्यास सात फूट उंच ठेवायचे असते. बर्फ साचत असेल तर त्याच्या थरापेक्षाही वर. स्टोव्हच्या पुस्तिकेत किंवा तुमच्या स्थानिक नियमांत याहून जास्त अंतर सांगितले असेल, तर तेच पाळायचे. बसवणाऱ्याची योजना यांतल्या पहिल्याच अटीत बसत नाही. स्टोव्ह जिन्याकडच्या भिंतीला लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या भिंतीत एकही खिडकी नाही.

नळी आडवी थेट बाहेर काढायला माझा आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला खिडकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. वीज गेली की पंखा थांबतो, पण पेटलेल्या गोळ्या काही वेळ धुमसत राहतात. त्या धुराला वर जायला उभी नळी नसेल, तर तो उलटून खोलीत येतो. नळी तीन ते पाच फूट उभी चढवली, तर पंखा बंद असतानाही धूर आपल्या ओढीने बाहेर जातो. नियमाने सक्ती नसली तरी ही उंची तुम्ही आग्रहाने मागून घ्या, आणि शक्यतो ती घराच्या आत ठेवायला सांगा, म्हणजे नळी गरम राहील. नळी फार लांब झाली तर पंख्यावर भार पडतो, म्हणून तिचा हिशोब ठरलेल्या पद्धतीने करतात. आडव्या नळीचा प्रत्येक फूट एक, उभ्या नळीचा प्रत्येक फूट अर्धा, आणि काटकोनातला प्रत्येक कोपर किंवा टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) पाच धरायचा. आपल्याकडे स्टोव्हमागच्या टीचे पाच, पाच फूट चढाचे अडीच, वरच्या कोपराचे पाच आणि भिंतीतून जाणाऱ्या एका फुटाचा एक, असे साडेतेरा होतात. पंधरापर्यंत तीन इंची नळी पुरते. त्यापुढे किंवा समुद्रसपाटीपासून फार उंचावर चार इंची लागते. तळाच्या टीला उघडता येणारे झाकण असावे, कारण नळीतली राख तिथूनच काढायची असते.

आई, जुन्या धुराड्यात नळी सोडून काम भागेल का, असे तू विचारले होतेस. त्यात वरपर्यंत स्टेनलेस स्टीलची नवी नळी घातली तरच, आणि दुसरे कोणतेही उपकरण त्या धुराड्याला जोडलेले नसेल तरच ते चालते. जळणासाठी लागणारी हवा बाहेरून आणणारी वेगळी धातूची नळी मात्र अवश्य बसवून घ्या. घट्ट दारे-खिडक्यांच्या घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू असला, की स्टोव्हला हवा कमी पडते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जुळतो, आणि हृदयविकार असलेल्यांना त्याची थोडी मात्राही बाधते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि झोपाळूपणा ही त्याची लक्षणे आहेत, आणि तुम्ही दोघेही ती वयाच्या किंवा दगदगीच्या नावावर खपवाल याचीच मला धास्ती वाटते. म्हणून झोपण्याच्या खोलीबाहेर आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवा. तो वाजला तर कारण शोधत बसू नका. दोघेही ताबडतोब बाहेर पडा आणि बाहेरूनच मदत बोलवा. गोळ्यांच्या मोठ्या साठ्यातूनही हा वायू सुटतो, तेव्हा पोती बंद कोठारात रचून ठेवू नका.

स्टोव्हखाली पुस्तिकेत सांगितलेल्या मापाची न पेटणारी फरशी हवी. राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, लाकडापासून दूर ठेवावा, कारण तिच्यातले निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. बांधकाम परवानगी आणि काम झाल्यावरची तपासणी टाळायला सुचवणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नका, आणि घराचा विमा असेल तर कंपनीला लेखी कळवा.

बाबा, स्टोव्हच्या पाठीमागे चाचणीचे लेबल असते, त्यावर एएसटीएम ई १५०९ या पेलेट स्टोव्हसाठीच्या अमेरिकी मानकाचे किंवा तुमच्याकडे लागू असलेल्या मानकाचे नाव दिसायला हवे. त्या लेबलाचा आणि पुस्तिकेतल्या नळीच्या पानांचा फोटो मला पाठवा. मी बसवणाऱ्याशी स्वतः बोलेन. तोपर्यंत भिंतीला भोक पाडू देऊ नका.

तुमची मुलगी