बरण्यांतली बुरशी आणि बाकी सगळं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यापासून हे पत्र डोक्यात आहे. आई, खिडकीतल्या बरण्या दिसल्या आणि तू मला पुढचं बोलूच दिलं नाहीस. मग दादाचा वेगळा मेसेज आला, ‘बरी आहेस ना?’ मी बरी आहे. बरण्यांत सडलेली भाजीच आहे, पण ती मी मुद्दाम ठेवली आहे. घर झाडलेलं-पुसलेलं असतं, झोप नीट लागते. बाकी रोजचं तुम्हाला ठाऊक आहे, ते परत लिहीत नाही.

आधी इथल्या कचऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. इथे ओला कचरा रोज जात नाही, आठवड्यातून एकदाच जातो. आमच्याकडे गुरुवारी. प्रत्येक घरी त्यासाठी झाकणाचा एक छोटा डबा असतो. त्यात मक्याच्या स्टार्चची पिशवी घालायची, ती कचऱ्याबरोबरच कुजते. साधी पिशवी चालत नाही. बुधवारी रात्री डबा खाली नेऊन ठेवायचा आणि त्याची दांडी पुढे ओढायची, म्हणजे झाकण अडकतं आणि रात्री जनावरं उघडत नाहीत. दांडी मागे राहिली तर सकाळी रस्ताभर सालं. चुकून प्लास्टिकचा तुकडा निघाला तर डबा न उचलता वर चिठ्ठी चिकटवून जातात, आणि मग तोच कचरा आणखी सात दिवस सांभाळायचा. एकदा मलाही चिठ्ठी आली. त्या दिवशी शेजारच्या आजी जिन्यात थांबून पिशव्यांमधला फरक मला अर्धा तास समजावत होत्या. आई, तू सकाळी उठल्यावर आधी कचरा बाहेर काढतेस, तुला हे पटणार नाही. मलाही पटायला वर्ष गेलं. पण सालं, देठं आठवडाभर घरातच राहणार असली की त्यांचं काय काय होत जातं, ते बघायला मिळतं.

सुरुवात मात्र डब्यापासून झाली नाही. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी ‘हो, रोज करते स्वयंपाक’ म्हणायचे, ते खरं नव्हतं. कामावरून यायचे, फोन हातात घेऊन बसायचे आणि काहीतरी तोंडात टाकून झोपायचे. भाजी आणलेली होती, ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तशीच राहिली. बऱ्याच दिवसांनी कप्पा ओढला तेव्हा आधी रडू आलं. मग टोमॅटो टाकायला उचलला आणि हात थांबला.

बाबा, तुम्ही दिलेलं भिंग मी तेव्हा पहिल्यांदा पेटीतून काढलं. टोमॅटोवर राखाडी केस उभे होते, रेशमापेक्षा बारीक, आणि प्रत्येकाच्या टोकाला काळा ठिपका. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या थैल्या, हे नंतर वाचलं. बुरशीचं नाव रायझोपस. तिचे काही धागे आडवे पळतात, जिथे टेकतात तिथे मुळांसारखे रोवतात आणि तिथून नवा झुपका उभा राहतो. भिंगातून तो आडवा धागा अगदी स्पष्ट दिसतो, ओल्या काचेसारखा. गाजरावर वेगळंच होतं, पांढरा कापूस आणि त्यात रुतलेले काळे दाणे. एकेका दाण्यावर पाण्याचा थेंब होता. तो थेंब बुरशीच बाहेर टाकते. कांद्याच्या पापुद्र्यांमधली काळी भुकटी तर आई, तू हजारदा पाहिली असशील. ती कांद्याच्या शिरांच्या रेषेनं पसरते. पापुद्रा उजेडात धरला की काळ्या पेन्सिलीनं वरून खाली हलक्या हातानं ओढल्यासारखं दिसतं.

मला सगळ्यात आवडलं ते लिंबू. बाहेर पांढरी कड आणि आत हिरवा गोल. बुरशी कडेकडेनं वाढते, म्हणून कड नेहमी कोवळी असते, आणि मध्ये जुन्या भागात बीजाणू तयार झाले की तिथे रंग चढतो. म्हणजे लिंबावरचं अंतर हे दिवसांचं अंतर आहे. मधून कडेकडे बोट नेलं की परवापासून आजपर्यंत येतो. हे कळल्यावर मी रात्री दीड वाजेपर्यंत जागी होते. कित्येक आठवड्यांत कशाकडे तरी धड बघितलं होतं ते त्याच रात्री.

पहिले काही दिवस मी त्यात चित्रं शोधायचे. हे बेट, हा ढग, ही म्हातारी. लिओनार्डो दा विंचीनंसुद्धा चित्रकारांसाठी लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतीकडे बघत राहा, डोंगर, नद्या, लढाया दिसतील. पण थोड्या दिवसांनी मला ते नकोसं झालं. बेट म्हटलं की बुरशी दिसायची थांबते आणि बेटच दिसतं. बाबा, तुम्ही गायतोंड्यांच्या चित्राचा फोटो बघून विचारलं होतं, ‘यात काय आहे?’ मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. ते रोलरनं रंग लावायचे, सुरीनं खरवडून काढायचे, आणि खालचा थर वरच्या थरातून उजळत राहायचा. सिमला मिरचीच्या हिरव्यावर राखाडी बुरशीचा पातळ थर चढतो तेव्हा तो हिरवा रंगही तसाच आतून येतो. त्यात काही नाही बाबा. एक रंग दुसऱ्यावर कसा बसलाय, कड कुठे विरते, कुठे थांबते, एवढंच. तेवढं बघायला मला एक आख्खी संध्याकाळ लागते आणि ती संपल्यावर बरं वाटतं.

आई, ‘असलं कोण बघतं’ म्हणालीस. रॉबर्ट हूकनं 1665 साली पुस्तकाच्या लाल चामडी पुठ्ठ्यावरची बुरशी सूक्ष्मदर्शकातून पाहून तिचं चित्र छापलं होतं. अलेक्झांडर फ्लेमिंग 1928 मध्ये सुट्टीवरून परतला तेव्हा जंतू वाढवायला ठेवलेल्या त्याच्या एका बशीत बुरशी उगवली होती, आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले होते. त्यानं ती बशी नीट बघितली, त्यातून पेनिसिलिन आलं. आणि 1943 मध्ये अमेरिकेतल्या पिओरियात बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, तिच्यापासून पुढे ते भरपूर बनवता आलं. मी काही शोध लावणार नाही. पण बघणं वाईट नाही, एवढं तरी तू मान.

आणि मी काळजी घेते. बरण्या बंद असतात, आत काय आहे ते कधी हुंगत नाही, हात धुते. आठ-दहा दिवसांनी सगळं पिशवीत घालून गुरुवारच्या डब्यात. तूही ऐक. मऊ भाजीवर बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीची वापरू नकोस. धागे दिसतात त्याच्या बरेच आत गेलेले असतात. गाजर, कोबी असलं घट्ट काही असेल तर भोवतीचा इंचभर भाग काढून चालतं. शेंगदाण्यांवर दिसली तर सगळे टाक, जीव अडकवू नकोस.

आता पैशांचं. काल पाठवलेत, नेहमीपेक्षा जास्त आहेत, ते गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी. दादानं ऑपरेशनला खर्च केला, धावपळही त्यानंच केली. निदान हे तरी मला करू दे. पैसे बाजूला ठेवू नका, पावसाआधी काम काढा. मागच्या खोलीच्या भिंतीवरची बुरशी बाबांच्या खोकल्याला चांगली नाही. मी इथे बुरशीचं कौतुक करते म्हणून तिथली राहू द्या असं नाही.

स्थळाचं वाचलं. नाही म्हणत नाही, पण फोनवर ठरवणार नाही. डिसेंबरची रजा मंजूर झाली आहे, सतरा दिवस, तेव्हा समोरासमोर भेटेन. त्यांना तसंच सांग, उगाच हो म्हणून ठेवू नकोस. पैकी निदान दहा दिवस मला घरीच राहू दे. बाबा, दुसऱ्या डोळ्याची तारीख तेव्हाची मिळते का विचाराल? या वेळी बाहेरच्या बाकावर मी बसेन.

आणि गिलावा खरवडण्याआधी त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. लहानपणी तापात पडले की मला तिच्यात उंट दिसायचा. दिवसा काढा, पडदा सरकवून, फ्लॅश न लावता.

तुमची
मीनू