'इन' म्हणजे दरवेळी 'नाही' नव्हे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शब्दाला 'इन' लागला की अर्थ उलटा होतो, हा शाळेतला नियम अर्धाच खरा आहे. इनकरेक्ट, इनडायरेक्ट यांना तो चालतो. इंजेक्ट, इन्स्पेक्ट, इन्क्लूड यांत मात्र नकाराचा मागमूस नाही. लॅटिनमध्ये मुळातच 'इन' दोन होते. एक नकाराचा, आपल्या 'अ' आणि 'अन्'च्या कुळातला. दुसरा 'आत' किंवा 'वर' या अर्थाचा. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच राहिलं. आपल्याकडेही असं आहेच की: 'अनुदार'मध्ये अन् आणि उदार आहेत, 'अनुदान'मध्ये अनु आणि दान.

ओळखायचं कसं? आधी शब्द क्रियापद आहे की विशेषण, ते बघ. नकाराचा 'इन' विशेषणाला लागतो, क्रियापदाला थेट सहसा लागत नाही. म्हणून इन्हेल, इन्व्हेड, इम्पोर्ट, इम्प्रिझन अशी क्रियापदं दिसली की 'आत' धरून चाल. इनव्हॅलिडेटमध्ये नकार आहे खरा, पण ते क्रियापद इनव्हॅलिड या विशेषणापासून झालंय.

खरी फसगत होते ती शेवटी 'एबल' असलेल्या शब्दांत. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. नियम डोक्यात ठेवून वाचणारा म्हणेल, न पेटणारं. इथे जोड इन अधिक फ्लेमेबल अशी नाहीच. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, त्याला एबल लागला. म्हणून सहज पेट घेणारं. हा घोळ जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेत १९२०च्या दशकात अग्निसुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांनी 'फ्लेमेबल' वापरायचा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द चालतात आणि दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणायचं.

तेव्हा असा शब्द आला की शेवटचा 'एबल' झाकायचा आणि उरलेलं क्रियापद अस्तित्वात आहे का ते पाहायचं. इन्हॅबिट आहे, म्हणून इन्हॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं. राहण्याजोगं नसलेलं ते अनइन्हॅबिटेबल. 'इनव्हॅल्यू' असं क्रियापद नाही, म्हणून इनव्हॅल्युएबलमधला 'इन' नकाराचा: ज्याचं मोल करता येत नाही असं, अर्थात अनमोल. कवडीमोलाला व्हॅल्यूलेस म्हणतात. ही अदलाबदल उत्तरपत्रिकेत झाली तर कौतुकाच्या वाक्याचा अपमान होतो!

आता स्पेलिंग. पुढच्या अक्षराप्रमाणे 'एन' बदलतो. पी, बी, एम यांच्याआधी तो एम होतो, एलआधी एल आणि आरआधी आर: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. हे दोन्ही 'इन'ना लागू आहे. इल्युमिनेट आणि इरिगेट यांत 'आत, वर'वालाच 'इन' दडलाय. जोड कुठे आहे हे कळलं की अक्षर एकेरी की दुहेरी, ते पाठ करावं लागत नाही. इनॉक्युअसमध्ये एन दोनदा, कारण 'इन' संपल्यावर मूळ शब्द पुन्हा एननेच सुरू होतो. इनॉक्युलेटमध्ये मूळ शब्द 'ओ'ने सुरू होतो, म्हणून एन एकदाच. इथे बरेच जण हमखास एक एन जास्त घालतात. इमॅजिन आणि इमिटेट यांत उपसर्गच नाही, तिथे एमही एकच.

'अन' आणि 'इन' यांची अदलाबदल वेगळीच पाठ करावी लागते. अनेबल, पण नाम इनॅबिलिटी. अनइक्वल, पण इनइक्वालिटी. अनजस्ट, पण इनजस्टिस. अनस्टेबल, पण इनस्टेबिलिटी. परीक्षेत शब्दाचं रूप बदलायला सांगतात तेव्हा मुलं इथेच अडकतात. जोड्या वहीत समोरासमोर लिहून ठेव.

उच्चाराचंही सांभाळ. इन्फेमस म्हणू नकोस. तो शब्द 'इन्फमस' असा म्हणतात, जोर पहिल्या अक्षरावर. त्याचा अर्थ अप्रसिद्ध नसून कुप्रसिद्ध आहे. इनव्हॅलिड म्हणजे ग्राह्य नसलेलं. तेच स्पेलिंग 'इन्व्हलिड' असं पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारलं की आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस. वाक्य मोठ्याने वाचायला दिलं तर आधी नजर पुढे टाकून तो नाम आहे की विशेषण ते बघ, मगच तोंड उघड.

तुझे,
बाबा