इतवारीतल्या काकाजींना, आधी स्वतःचा हात ठेवल्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण इतवारीत ज्यांचं तुमच्या गीझरच्या दुकानात येणं-जाणं आहे ते बरोबर ओळखतील. परवा सकाळी तुम्ही गॅरेजमधून निघालात तेव्हा माझ्या तोंडून धड थँक्यू पण निघालं नाही, घसाच दाटून आला होता आणि समोर गिऱ्हाईक उभं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

हिंगणा रोडला माझं टू व्हीलरचं गॅरेज आहे, चार पोरं कामाला. नागपूर म्हटलं की सगळ्यांना मे महिनाच आठवतो पण सकाळी टिनाच्या शेडमध्ये उभं राहून इथली थंडी पहा एकदा, 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 वर आला होता. थंड पाण्यानं ग्रीस निघत नाही, साबण नुसता वरवर फिरतो, मग पोरं पेट्रोलनं हात धुतात, त्यावर कपड्याची पावडर आणि लाकडाचा भुसा. जानेवारी येईपर्यंत बोटांच्या पेरांवर अशा भेगा पडतात की पाना पकडला तरी रक्त येतं.

मागच्या वर्षी म्हणूनच एका मोठ्या दुकानातून गीझर आणला. तीन लिटरचा इन्स्टंट, 3 किलोवॅट. त्यांनी विचारलं काय, तर रंग कोणता पाहिजे आणि हप्त्यावर घेता का. फिटिंगवाला आला, कॉम्प्रेसरच्याच बोर्डावर जोडलं, दहा मिनिटांत पसार. 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपियर, आणि बोर्डावरचं सॉकेट 6 अँपियरचं. आठवड्यात प्लग वितळला. त्याच्याही आधी सगळ्यात लहान पोराला, भंडाऱ्याकडचा आहे, एकोणीस वर्षांचा, त्याला नळाला हात लावताच असा झटका बसला की मागे जाऊन गाडीवर आदळला. अर्थिंगची वायर बोर्डात नुसती लोंबत होती हे नंतर कळलं. दुकानात फोन केला तर म्हणे वायरिंग तुमचा प्रॉब्लेम, आमचा माल ओके आहे. पोरगा कसा आहे हे एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी, ते मी विसरणार नाही.

गीझर काढून टाकला तरी त्या पोरानं नळाच्या चावीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. वर्षभर. कोरड्या हातानं ट्यूब धरून नळ सोडायचा आणि मग लांबून हात ओले करायचे.

यंदा तुमच्याकडे आलो तर तुम्ही मालच दाखवेना. किती जण हात धुता, एकदम की एकेक करून, टाकी किती उंचीवर आहे, पाणी बोअरचं की कॉर्पोरेशनचं, कॉम्प्रेसर कोणत्या लाइनवर आहे. मी म्हटलं काकाजी द्या ना एखादा स्वस्तातला, गॅसचा दिला तरी चालेल. तुम्ही चष्मा काढला आणि म्हणालात, "जिथं पेट्रोल उघडं रायते तिथं जाळ पेटवतो का रे? अन् थंडीत शटर खाली करून बसान, जळताना निघते तो कार्बन मोनॉक्साइड तर नाकाले कळत बी नाही." मग म्हणालात, आज काही विकत नाही तुले, घरी जा, बोर्डाचा फोटो पाठव. पैसे खिशात असलेल्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी आधी पाहिला नव्हता.

शेवटी 6 लिटरचा स्टोरेज दिला, 2 किलोवॅटचा. इन्स्टंट वाईट नसतो हेही तुम्हीच सांगितलं, फक्त मिनिटाला दोन लिटर नळ सोडला तर 3 किलोवॅटवर पाणी वीसेक डिग्रीच चढतं, आणि आमच्या लाइनला तेवढा लोड झेपणारा नव्हता. हा 9 अँपियरच्या आत चालतो, नऊ-दहा मिनिटांत तापतो आणि त्यात थंड पाणी मिसळलं की चौघांचे हात आरामात धुऊन होतात. बोअरच्या पाण्याचा क्षार धरतो म्हणून दर वर्षी कॉईल साफ करायची आणि टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड पाहायचा, तेही कार्डाच्या मागे पेनानं लिहून दिलंत. मी सिंकच्या खाली बसवायला निघालो होतो, तुम्ही वर छातीच्या उंचीला लावायला लावला, कारण पेट्रोलची वाफ जड असते, खाली जमिनीलगत साचते आणि तिथंच आम्ही पार्ट धुतो. वीस वर्षं गॅरेज करतोय मी, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पण काकाजी, हे पत्र गीझरसाठी नाही.

दुकान उघडायच्या आधी, एवढ्या थंडीत मफलर बांधून तुम्ही इतवारीहून स्कूटरवर आलात. तुमच्या माणसानं वेगळी लाइन ओढली, अडीच स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपियरचं सॉकेट, नवी अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन बंद पाडणारा स्विच. बटण दाबून तो तुम्ही तीनदा पाडून पाहिला, टेस्टर लावून झाला, पाणी तापलं, सगळे पुढे आले, आमचा पोरगा मात्र दाराजवळच उभा. तुमची नजर नळावरच्या त्या ट्यूबवर गेली. "हे काहून बांधलं रे?" कोणीच बोललं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही नखानं ती ट्यूब सोडवली, स्वेटरच्या खिशात घातली, चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिलात आणि चालू गीझरच्या नळाखाली स्वतःचे दोन्ही हात धरले. सत्तरीतले हात, शिरा वर आलेल्या. किती वेळ धरले देव जाणे, बोटांतून वाफ निघत होती. मग त्याच्याकडे न बघताच म्हणालात, "ये बेटा, पाणी मस्त आहे."

तो आला. तुमच्या हाताच्या बाजूला त्यानं हात धरले, तुम्ही साबण त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याच्या भेगा दिसल्यावर म्हणालात, रात्री खोबरेल तेल लावत जा. बस एवढंच.

चांगला माल विकणारे पुष्कळ आहेत आपल्या नागपुरात, माणसाला काय वाटत असेल ते न सांगता ओळखणारे फार थोडे. तुम्ही वायरचे, एमसीबीचे, तुमच्या माणसाच्या मजुरीचे पैसे घेतले, स्वतःच्या येण्याचा एक रुपया घेतला नाही, चहा पण अर्धाच प्यालात, दुकान उघडायचं आहे म्हणून.

ती ट्यूब अजून तुमच्या खिशातच असेल. फेकून द्या काकाजी, तो आता नळ उघड्या हातानं सोडतो. आणि तुमच्या स्कूटरचा मागचा ब्रेक फार सैल आहे, तुम्ही वळताना दिसला मला. रविवारी इकडे येऊ नका, मीच येतो घ्यायला, पोरगा म्हणतो लायनर तोच बदलणार.