कुबरनेटीस क्लस्टर उभारणी : रविवारच्या सत्रापूर्वीची सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी दादर येथील सत्रात प्रत्येकाने ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (मुंबईतील डेटा सेंटरांच्या समूहात) स्वतःचा ईकेएस क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीस ही कंटेनरमधील ॲप्लिकेशने चालविणारी प्रणाली ॲमेझॉनच्या ईकेएस सेवेमार्फत वापरणारा संगणकांचा गट, उभारावयाचा असल्यामुळे क्लाउडचे खाते, बजेट अलर्ट आणि क्यूबसीटीएल (क्लस्टरला आज्ञा देण्याचे साधन) ही तयारी घरीच पूर्ण करावी. क्यूबसीटीएलची आवृत्ती क्लस्टरच्या आवृत्तीपेक्षा एकाहून अधिक पायरीने पुढे वा मागे नसावी.

सर्वाधिक लक्ष नेटवर्कच्या आखणीकडे द्यावे, कारण घाईत नेमकी तीच राहते. ईकेएसच्या मूळ मांडणीत प्रत्येक पॉडला (ॲप्लिकेशन चालविणाऱ्या सर्वांत लहान घटकाला) व्हीपीसीमधलाच, म्हणजे क्लाउडमधील आपल्या खाजगी नेटवर्कमधलाच, आयपी पत्ता मिळतो, आणि /24 आकाराच्या सबनेटमधील (त्या नेटवर्कच्या एका भागातील) 256 पत्त्यांपैकी 5 ॲमेझॉन राखून ठेवत असल्याने 251 च हाती उरतात. पॉड वाढू लागले की हे पत्ते चाळीतल्या खोल्यांसारखे बघता बघता भरतात. म्हणून सबनेट ऐसपैस घ्यावेत आणि ते किमान 2 वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधील स्वतंत्र डेटा सेंटर विभागांमध्ये) ठेवावेत.

कंट्रोल प्लेनचे (क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या भागाचे) शुल्क दर तासाला 0.10 डॉलर असून क्लस्टर रिकामा असला तरी ते लागू राहते. नेहमीच्या सपोर्टची मुदत संपलेली कुबरनेटीसची आवृत्ती निवडल्यास हाच दर 0.60 डॉलर होतो. सत्रानंतर लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या पॉडमध्ये वाटणारी यंत्रणा) प्रकारच्या सर्व्हिस आधी काढून मगच क्लस्टर पुसावा, अन्यथा लोड बॅलन्सर मागे राहून त्याचे बिल चालूच राहते.

रविवारी मेगाब्लॉक असण्याची शक्यता गृहीत धरून वेळेपूर्वी निघावे.